२३ आले, उरले ४: चर्चच्या इंग्लिश क्लासचं काय करू?

पत्र:
बाई, सलाम. मी ४१ वर्षांची आहे, हायस्कूलला इंग्रजी शिकवते, आणि आमच्या चर्चच्या महिला मंडळाची सेक्रेटरी आहे. माझी नणंद लग्न करून अमेरिकेला न्यू जर्सीत गेली तेव्हा तिला दुकानात धड बोलता येत नव्हतं, तिथल्या एका चर्चच्या फुकट इंग्लिश क्लासमुळं ती उभी राहिली. तेच डोक्यात ठेवून आम्ही शिरोली एमआयडीसीत कामाला आलेल्या बिहार, झारखंड, ओडिशाच्या लोकांसाठी शहरातल्या आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी फ्री इंग्लिश क्लास सुरू केला. टेन्सपासून व्यवस्थित सुरुवात केली. शिस्त राहावी म्हणून रजिस्टर ठेवलं, आधारची झेरॉक्स घेतली, फोटो मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, ग्रुपवर टाकले. पहिल्या रविवारी २३ जण आले, सातव्या रविवारी ४. बाई माणूस तर एकही नाही. पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, म्हणतात शेवटची दहा मिनिटं बायबलचं वचन आणि प्रार्थना हवीच, नाहीतर याला मिशन कसं म्हणायचं. पंच कमिटीतले एक काका म्हणतात बंद करा, उगाच गावात बोभाटा होईल. मी मधल्यामध्ये. काय करू?
— मधे अडकलेली, कोल्हापूर

सलाम गं. तुला तू म्हणते, चालेल ना, माझी थोरली तुझ्याच वयाची आहे.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं भांडण पाळकसाहेब आणि काकांचं आहे, दहा मिनिटं प्रार्थना ठेवायची की नाही एवढंच. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की हे दोघं भांडतायत चार जणांच्या वर्गावरून, आणि जे १९ जण यायचे बंद झाले त्यांना कुणी विचारलेलंच नाही की बाबांनो, का गेलात. तुझ्या एवढ्या पत्रात त्या १९ मधल्या एकाचंही वाक्य नाही. रागावू नको. मी रागवायच्या जागेवर नाहीच, कारण मी स्वतः हेच करून बसलेय.

साक्षरता अभियानाच्या काळात, म्हणजे नव्वदच्या आगेमागे, मी इचलकरंजीत यंत्रमागाच्या एका वस्तीत रात्रीचा वर्ग घ्यायचे. तक्ते रंगीत, खडू नवे, उत्साह तर विचारू नको. तिसऱ्या की चौथ्या रात्री पन्नाशीचा एक मागवाला म्हणाला, बाई, कमळ शिकून काय करू, मालक आठवड्याला पगाराची चिठ्ठी देतो त्यात किती कापलं तेवढं वाचायला शिकवा. मला ते जरा लागलं, खरं सांगते, म्हणजे मी एवढ्या लांबून एसटीनं येते आणि हा मला शिकवतो. मी कमळावरच राहिले. दिवाळीला वर्ग बंद पडला, आणि मी वरती अहवालात लिहिलं की प्रौढांमध्ये शिक्षणाची आवड कमी. लाज वाटते आता ते आठवून. त्या माणसानं मला आख्खा अभ्यासक्रम एका वाक्यात दिला होता, फुकट.

म्हणून आधी तुझ्या नणंदेच्या क्लासचं बोलू. तिथं ते काम खरंच चांगलं चालतं, अमेरिकेत कितीतरी चर्चेस वर्षानुवर्षं हे करतायत, आठवड्यातली एखादी संध्याकाळ, शिकवायला मंडळीतलेच हौशी लोक, शेजारच्या खोलीत पोरं सांभाळायला दोन आज्ज्या, कॉफी, बिस्किटं, नवख्यांचा गट वेगळा आणि बोलता येणाऱ्यांचा वेगळा, कुठंकुठं नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारीसुद्धा करून घेतात. पण तिथं इंग्रजीच का शिकवतात, तर तिथं दुकान, दवाखाना, शाळा, शेजारीण सगळं इंग्रजीत. गल्लीची भाषाच ती. आता तू सांग, शिरोलीत भाजी घेताना, अंगणवाडीत, सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढताना कुठली भाषा लागते? तू नणंदेकडून क्लास घेतलास पण त्यातलं इंग्रजी तसंच उचलून आणलंस, ते इथं मराठी व्हायला पाहिजे होतं.

आता हे ऐकून तुझा जीव खट्टू होईल कारण तू इंग्रजीची टीचर. थांब, इंग्रजीची गरज पण आहे, नुसती वेगळ्या जागी आहे, त्याकडे येते.

आधी बायकांचं. एकही बाई आली नाही म्हणतेस. फौंड्रीतल्या माणसाचं हिंदीवर भागतं गं, सुपरवायझर हिंदी बोलतो, खोलीतले सगळे गावाकडचेच असतात. पण ज्यांनी बायकापोरं आणलीयत त्यांच्या बायकांची कुचंबणा होते, घरमालकीण मराठी, आशाताई मराठी, पोराच्या वहीत बाईंनी लिहिलेला शेरा मराठी. हिंदीनं थोडं निभतं पण तेही फसवं असतं. शिक्षा म्हणजे त्यांच्याकडं शिक्षण, आपल्याकडं दंड. चेष्टा म्हणजे त्यांच्याकडं प्रयत्न, आपल्याकडं टिंगल. खाली म्हणजे तिकडं रिकामं, इकडं जमिनीकडं. शाळेत एखादी बाई म्हणाली की मुलाच्या शिक्षेसाठी आलेय, तर हेडबाई आधी दचकणारच. हे शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर लिही, वर्ग हसेल, आणि हसलेला वर्ग परत येतो हा माझा अनुभव.

आणि एक गंमत लक्षात ठेव, पुस्तकातलं मराठी शिकवू नको. तू त्या बिहारच्या पोरीला मी जाते, मी येते असं घोकून घेशील आणि ती बाहेर पडून बघते तर कोल्हापूरच्या सगळ्या बायका मी जातो, मी येतो म्हणतायत. मी स्वतः पण घरी तसंच बोलतो, इथं लिहिताना जरा सुधारून लिहिते. तिला दोन्ही सांग. हे पुस्तकातलं, हे गल्लीतलं.

ज्यांना हिंदी लिहिता-वाचता येतं त्यांचं अर्धं काम झालेलंच आहे, लिपी तीच आहे, ळ तेवढा नवा. ओडिशाच्या माणसाचं तसं नाही, त्याची लिपी पूर्ण वेगळी, तो भले गावाकडं दहावी झालेला असेल पण आपल्या बसची पाटी त्याला वाचता येत नाही. आणि ज्याला कुठलीच लिपी येत नाही तो तिसराच. या तिघांना एका बाकावर बसवून तू टेन्स शिकवायला घेतलास, सिंपल प्रेझेंट! अगं बारा तास मोल्डिंगला उभं राहून आलेला माणूस आहे तो. मी असते तर मीही दुसऱ्या रविवारी आले नसते.

मग इंग्रजी कुठं लागतं? मोबाईलवर. बँकेचा मेसेज येतो, डेबिटेड का क्रेडिटेड, पैसे आले का गेले, हे एका शब्दावर ठरतं आणि तो शब्द इंग्रजीत. ओटीपी कुणाला सांगू नका हे पण इंग्रजीतच येतं, म्हणजे ज्याला सावध करायचं त्यालाच कळत नाही. दुसरं म्हणजे पगाराची स्लिप. बेसिक, ओटी, पीएफ, ईएसआय, डिडक्शन, नेट पे, एवढे शब्द एका रविवारी होतात. पीएफला पगारातले १२ टक्के जातात, ईएसआयला पाऊण टक्का, त्या पाऊण टक्क्यात आजारपणाचे उपचार मिळतात हे कितीतरी जणांना ठाऊकच नसतं, ते खाजगी डॉक्टरला पैसे घालवत बसतात. यूएएन म्हणजे पीएफचा नंबर, तो नोकरी बदलली तरी तोच राहतो, हे सांग. ओव्हरटाईमचा दर दुप्पट असतो हेही सांग. आता इथं एक अडचण येऊ शकते, तुमच्या पंच कमिटीत कुणाचा कारखाना असेल किंवा लेबर कॉन्ट्रॅक्टर असेल तर हा धडा त्याला बोचेल. बोचू दे. काका बंद करा म्हणतायत त्यात बोभाट्याची भीती किती आणि हे किती, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तिसरं, मशीनवरच्या पाट्या. डेंजर, हॉट, हाय व्होल्टेज, डू नॉट ऑपरेट. फौंड्रीत या पाट्या न कळण्याची किंमत बोटं असते, कधी हात. कारखान्यात जाऊन पाट्यांचे फोटो काढायची परवानगी माग, पुस्तक आपोआप तयार होतं.

आता ते १९ जण का गेले. मला माहीत नाही, तुलाच विचारायचंय, पण माझा अंदाज सांगते. शिफ्ट आठवड्याला फिरते, रविवार सगळ्यांनाच सुट्टी नसतो, कारखान्यागणिक सुट्टीचा वार वेगळा. तुझा हॉल शहरात, ते पंचगंगेच्या पलीकडं, सुट्टीच्या एकुलत्या दुपारी केएमटी बसची वाट बघत उभं राहायचं आणि तिकिटाला पैसे घालवायचे. पावसाळ्यात तर विचारूच नको, २०१९ ला आणि २०२१ ला पाणी आलं तेव्हा शिरोलीजवळ हायवेच बंद होता. क्लास तुझ्याकडं बोलवू नको, तू तिकडं जा. एखाद्या चाळीचं अंगण, अंगणवाडीची खोली संध्याकाळी मिळते का बघ, नाहीतर एखाद्या दुकानाचा पत्र्याचा शेड. छठला, होळीला लोक गावी जातात तेव्हा वर्गच ठेवू नको. बारा आठवड्यांची एक खेप कर, मग सुट्टी, मग दुसरी खेप. कायम चालू असलेला वर्ग कुणालाच पूर्ण केल्यासारखा वाटत नाही, शिकवणाऱ्यालाही नाही, आणि तुझ्या महिला मंडळातल्या ज्या दोघीतिघी आत्ता खपतायत त्या वर्षाच्या आत दमतील. एका वर्गाला दोघी ठेव, म्हणजे एकीच्या घरी पाहुणे आले तरी वर्ग चालतो. बायकांच्या वर्गात दार उघडं, आणि पोरांना सांभाळायला कोणीतरी हवंच. नणंदेच्या चर्चमधल्या त्या आज्ज्या आठव, खरी उचलण्यासारखी गोष्ट ती होती.

आणि आधारची झेरॉक्स! अगं बाई. परमुलखात आलेल्या माणसाकडून नाव, पत्ता, आधार घेतलंस, वर फोटो काढून ग्रुपवर टाकलेस. तुला ती शिस्त वाटली, त्याला काय वाटलं असेल? ठेकेदारानं आधार घेतलं, खोलीमालकानं घेतलं, पोलीस व्हेरिफिकेशनला घेतलं, आता फुकट शिकवणारे पण घेतायत म्हणजे यात काहीतरी आहे. माझी खात्री आहे की निम्मे तरी त्याच दिवशी मनातनं गेले. आणि मंडळीच्या ग्रुपवरचा फोटो ग्रुपवरच राहत नाही हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तो कुठल्या कुठं जातो आणि त्याखाली कोण काय लिहितं ते आपल्या हातात नसतं.

यावरूनच पाळकसाहेबांच्या दहा मिनिटांवर येते. ही गोष्ट मी जपून लिहितेय कारण मी पण चर्चच्याच बाकावर वाढलेय आणि त्यांची तळमळ मला कळते. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायची नाही तर मग चर्च आणि कोचिंग क्लास यात फरक काय, असं त्यांना वाटतं. पण शेवटच्या दहा मिनिटांची गोची अशी की माणूस उठून जाऊ शकत नाही. बाहेर जायचं तर सगळ्यांसमोर उठायचं, आणि ज्यानं तुम्हाला फुकट शिकवलं, चहा पाजला त्याच्यासमोर उठायचं. भिडस्त माणूस बसतो, मान खाली घालून बसतो, आणि पुढच्या रविवारी येत नाही. आपण त्याला ऐकवलं असं आपल्याला वाटतं, त्याला मात्र वाटतं की आपल्याकडनं वसूल केलं.

कायद्याचं पण बघ. घटनेच्या २५ व्या कलमानं आपला धर्म मानायचा, पाळायचा, सांगायचा हक्क दिलाय, आणि १९७७ साली सुप्रीम कोर्टानं मध्य प्रदेश-ओडिशाच्या धर्मांतरविरोधी कायद्यांच्या खटल्यात हेही सांगितलं की सांगायचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवायचा हक्क नव्हे. फुकट शिकवणी आणि तिला चिकटलेली प्रार्थना हे दोन्ही एका दमात आलं की बघणारा त्याला आमिष म्हणणार, तुझ्या मनात काही नसलं तरी. पण मी कायद्याच्या भीतीनं सांगत नाहीये, भीती नसती तरी मी हेच सांगितलं असतं. ज्याला ऐकायचंय त्याला ऐकू दे आणि ज्याला नाही त्याला नुसतं मराठी शिकून ताठ मानेनं घरी जाऊ दे. भाषेचा वर्ग वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी. दारावर हिंदीत एक कागद लाव की इथं फक्त भाषा शिकवतात, कुणीही या, फी नाही, अट नाही. हा वर्ग आमचं चर्च चालवतं हे पण त्याच कागदावर लिही, लपवू नको, लपवलेलं पुढं दसपट होऊन बाहेर येतं. कुणी आपणहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर खरं उत्तर दे. कुणी म्हणालं माझं पोर आजारी आहे, प्रार्थना करा, तर कर, त्याला कोण नाही म्हणेल. रविवारच्या उपासनेला यायचं असेल तर चर्चचं दार कधी बंद होतं का?

पाळकसाहेबांना आणखी एक विचार, की या लोकांमध्ये ख्रिस्ती किती आहेत हे त्यांना माहीत आहे का. तू लिहिलंस झारखंड, ओडिशा. रांचीला जर्मनीहून गॉसनर मिशनचे लोक आले १८४५ ला, आणि १८५० ला तिथल्या उरांव आदिवासी लोकांचे पहिले बाप्तिस्मे झाले. आपल्याकडं कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे वाइल्डर आले १८५२ ला. म्हणजे त्यांचं चर्च आपल्यापेक्षा सात वर्षांनी थोरलं. सिमडेगा, गुमला किंवा ओडिशाच्या सुंदरगड भागातला एखादा पोरगा तुझ्या वर्गात सातवी पिढी ख्रिस्ती म्हणून बसलेला असू शकतो, आणि तुझे पाळकसाहेब त्याला ख्रिस्त कोण हे दहा मिनिटांत सांगणार! त्याला विचारलंस का कधी तो रविवारी उपासनेला कुठं जातो ते? कदाचित मोबाईलवर गावाकडची उपासना बघत खोलीतच बसत असेल, कारण आपल्या उपासनेतलं मराठी त्याला कळत नाही आणि आपण कुणी त्याला या म्हटलेलं नाही. पाळकसाहेबांना मिशनच हवं असेल तर यातनं सुरुवात करता येईल, नाताळात त्यांना एक गाणं त्यांच्या सादरी भाषेत म्हणायला सांगा, मंडळीनं ऐकायचं.

आणि वाइल्डरसाहेबांचीच गोष्ट काढायची तर ते कोल्हापुरात यायच्या आधी काही वर्षं अहमदनगरला होते. परदेशी, परक्या धर्माचे, कुणी दारात उभं करेना अशी स्थिती, तरी इथं टिकले कारण लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायला शिकले. त्याच्याही आधी, १८०५ ला, तिकडं बंगालात बसून विल्यम कॅरी नावाच्या मिशनऱ्यानं मराठीचं व्याकरण छापलं होतं. पंडिता रमाबाईंनी तर बायबलचं मराठी साध्या बाईला कळावं म्हणून हिब्रू, ग्रीक शिकून शेवटपर्यंत भाषांतर केलं. हे सगळे लोक भाषेला मिशनच्या आधीची पायरी समजत नव्हते, आयुष्यातली कितीतरी वर्षं तिथं घातली त्यांनी. त्यांच्यापुढं तुमचं ते दहा मिनिटांचं भांडण फार लहान आहे असं मला वाटतं, पाळकसाहेबांना माझ्या नावानं सांगितलंस तरी चालेल.

काकांचं काय करायचं. काकांची भीती खोटी नाही, तिला हसू नको. पण बोभाटा झाकलेल्या गोष्टीचा होतो. वर्ग ज्या गल्लीत घेशील तिथल्या अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीचे कोणी, तालमीतली दोन पोरं, सगळ्यांना पहिल्याच दिवशी बोलाव, चहा पाज, काय शिकवतोय ते बघू दे. त्याहून बरं म्हणजे शिकवायला फक्त मंडळीतल्याच बायका ठेवू नको. रिटायर झालेले मराठीचे सर प्रत्येक गल्लीत एक तरी सापडतात, घरी कुणी ऐकत नाही म्हणून कंटाळलेले असतात, त्यांना आण. वर्गात फळ्यापुढं एक कुलकर्णी सर आणि एक तांबोळी मॅडम उभ्या राहिल्या की बोभाटा करणाऱ्याला विषयच उरत नाही. तुमच्यातले काही म्हणतील मग हे चर्चचं कसं राहिलं. खर्च कोण करतंय, खडू कोण आणतंय, पावसात शिरोलीला कोण जातंय, यावरनं कळतंच की लोकांना. काकांना खजिनदार कर. भित्रा माणूस हिशेब चोख ठेवतो. खर्च तरी काय आहे, एक पांढरा बोर्ड, मार्कर, झेरॉक्स, चहा-साखर, महिना दोन-अडीच हजारात भागावं असा माझा अंदाज, महिला मंडळाच्या पापड-चटणीतनं निघेल.

इथं शाहू महाराजांची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही, कोल्हापुरात बसून सल्ला द्यायचा आणि महाराज नाहीत असं कसं. खेड्यातल्या पोरांनी शिकावं म्हणून त्यांनी आधी भाषणं नाही केली, १९०१ ला मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाचं वसतिगृह. पोराला शाळा नकोय असं नसतं, शहरात राहायला जागा नसते, ही अडचण त्यांनी बरोबर हेरली. तुझ्या वर्गातली अडचण कुठली आहे तेवढं हेर. शिफ्ट असेल, बस असेल, लहान पोर असेल.

पोरांवरनं आठवलं. या बायका मराठी शिकायला आल्या की दुसऱ्याच आठवड्यात पोरांच्या ॲडमिशनचा प्रश्न निघेल, लिहून ठेव. दाखला नाही, जन्माचा पुरावा गावाकडं राहिलाय, शाळा जून सोडून आली म्हणून घेत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठवता येत नाही, आणि वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं. हे तू टीचर असून तुला माहीत असणारच, पण त्या बाईला माहीत नाही आणि तिच्या वतीनं शाळेत जाऊन दोन वाक्यं बोलायला कुणी नाही. एकदा तिच्याबरोबर जा. पुढं त्या पोरालाही मराठी लागणारच आहे, २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत ती सक्तीची आहे. रेशनचंही तेच, वन नेशन वन रेशन कार्डावर गावाकडच्या कार्डाचं धान्य इथल्या दुकानात मिळतं, पण दुकानदारापुढं उभं राहून बोलता यायला पाहिजे. हे सगळं धडेच आहेत गं. शाळेतला संवाद, रेशन दुकानातला संवाद, दवाखान्यातला संवाद. एक जण डॉक्टर व्हायचं, एक पेशंट, कुठं दुखतंय, कधीपासनं, जेवणाआधी का जेवणानंतर.

वर्गात सगळे दर वेळी येतील ही आशा सोडून दे. एका खोलीत सहा-आठ जण राहतात, शिफ्टप्रमाणे त्यातला एकच येणार. त्याला सांग, आज शिकलेले पाच शब्द खोलीवर जाऊन बाकीच्यांना शिकव. ही काही माझी अक्कल नाही. फ्रँक लाउबाख नावाचे अमेरिकन मिशनरी फिलिपिन्समध्ये लानाव भागात मुसलमान लोकांना लिहा-वाचायला शिकवत होते, १९३० च्या आसपास मंदी आली, मिशनचे पैसे आटले, शिक्षकांना पगार द्यायला नाही, तेव्हा तिथल्याच एका सरदारानं फर्मान काढलं की जो शिकला त्यानं दुसऱ्याला शिकवायचंच. पुढं ते एकानं एकाला शिकवा म्हणून जगभर गेलं, लाउबाख भारतातही आले होते. मला यात आवडतं ते हे की युक्ती मिशनरीची नव्हती, शिकणाऱ्यांची होती.

तर आता काय करायचं. पुढचे दोन रविवार वर्ग घेऊच नको. जे चौघं येतायत त्यांना चहाला बोलाव आणि म्हण, तुम्ही का येता ते सांगा, बाकीचे का येत नाहीत ते पण सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. मग खरंच वाईट वाटून घेऊ नको, ते कठीण जाईल. त्या चौघांबरोबर त्यांच्या खोल्यांवर जा, बरोबर महिला मंडळातली एखादी घे, काकांना घेतलंस तर फारच छान. बायकांना विचार की दिवसातली मोकळी वेळ कुठली, बहुतेक दुपारी तीन ते पाच सांगतील, पाणी यायच्या आत. तो तुझा मराठीचा वर्ग. पुरुषांचा मोबाईल आणि पगारस्लिपचा वर्ग त्यांच्या सुट्टीच्या वारी. सुरुवातीला आठ-दहाच्या वर एका गटात घेऊ नको. पाळकसाहेबांना या सगळ्यात एक काम दे, शिकवायचं नाही, नुसतं दर वेळी येऊन मागं बसायचं आणि सुटल्यावर लोकांशी गप्पा मारायच्या, हिंदी कच्चं असेल तर त्यांनीच त्या पोरांकडून शिकावं. दोन महिन्यांनी त्यांना विचार की दहा मिनिटांचं काय करायचं.

आणि ती आधारच्या झेरॉक्सची फाईल आहे ना कपाटात, ती घेऊन जा. ज्याची त्याच्या हातात परत दे, २३ च्या २३. बऱ्याच जणांशी तुझं खरं बोलणं त्याच दिवशी सुरू होईल.